मॅकालियांचं रक्त

"मॅकालिया!" अशी हाक त्या पोरीने एवढ्या मोठ्याने मारली की दुकानातले सगळेच दचकले, आणि सगळ्यांत जास्त मी. मॅनर स्ट्रीटवरचं ते जोडे दुरुस्तीचं दुकान म्हणजे एक बोळच. आत चार माणसं उभी राहिली की पाचव्याने दारात भिजायचं. एवढ्याशा जागेत आडनाव पुकारायची काय गरज होती, देव जाणे. माझ्या बुटांना नव्या टाचा लावून झाल्या होत्या. मी पुढे होऊन ते घेतले, उलटे करून उगाचच टाचा दाबून बघितल्या, म्हणजे मला त्यातलं काही कळतं असं त्या पोरीला वाटावं, आणि वळले तर बाकावर बसलेला एक म्हातारा उठून माझ्या वाटेतच उभा. टोपी काढून हातात धरलेली. डब्लिनमध्ये आता कुणी कुणासाठी टोपी काढत नाही. मला वाटलं, हा आता काहीतरी विकणार.

"कुठले मॅकालिया तुम्ही?" त्याने विचारलं. "लायट्रिमचे का?"

"लायट्रिमचेच."

"डोंगराखालचे? मॅलकी मॅकालियांच्यातले?"

"मॅलकी माझे वडील."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. "मी मॉसी हॅनफिन. मूळचा केरीचा, पण आता जन्म इथेच गेला, आर्बर हिलला. माझ्या बायकोला नागीण झालीय बघा. कमरेभोवती. डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, पण ती पुढे सरकतेच आहे. दोन्ही टोकं जुळायला एवढंच उरलंय." अंगठा आणि तर्जनी यांच्यात त्याने जेवढी फट दाखवली तेवढीत पॉलिशची डबीसुद्धा मावली नसती. मग तो ताठ उभा राहिला आणि चर्चमध्ये बोलतात तशा आवाजात म्हणाला, "मी मागतोय."

दुकानातली पोरगी विशीची होती, तिला वाटलं असेल म्हातारा बुटांविषयी काहीतरी मागतोय. मला मात्र ते दोन शब्द लगेच कळले. या गोष्टीचे कायदे आहेत आणि ते देशाच्या कायद्यांहून जुने आहेत. मॅकालिया म्हणजे वैद्याचा मुलगा. त्या वैद्याचं रक्त ज्यांच्या अंगात आहे त्यांच्या बोटातला थेंब नागिणीच्या दोन टोकांच्या मधे, जिथे कातडी अजून कोरी असते तिथे, लावला की ती पुढे सरकत नाही. सोमवारी लावायचा, नाहीतर गुरुवारी. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आभार मानून घ्यायचे नाहीत, मानले की गुण गेला. आपण होऊन द्यायला जायचं नाही. आणि कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, समोर तुमचा वैरी उभा असला तरी. तो गुरुवारच होता. "साडेपाचला येते," असं मी म्हणाले. म्हणाले म्हणजे तोंडातून गेलं. त्याने घर सांगितलं, हिरवं दार, खिडकीत मारियेची मूर्ती, आणि आभार मानायला उघडलेलं तोंड मोठ्या कष्टाने मिटून तो बाकावर जाऊन बसला. मी बाहेर पडले. यात खोटं काय बोलले मी? नाव माझं, वडील माझे, गाव माझं. फक्त रक्त माझं नाही. म्हणजे माझं आहे, त्यांचं नाही.

दुपारी मी पुन्हा कचेरीत माझ्या खुर्चीत. शहरातल्या नळांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. लोकांना पाणी आलं नाही की ते मला फोन करतात आणि ते मीच पिऊन बसले आहे अशा थाटात बोलतात. इतकी वर्षं ऐकून मला त्याचं काही वाटत नाही, पण त्या दुपारी एकेका आवाजाने जीव खाल्ला. कॅब्राची एक बाई म्हणाली, नळाला गढूळ पाणी येतंय, तुमच्या पाइपात काय आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का? मी म्हणाले, नाही बाई, माहीत नाही. शेजारच्या टेबलावरून चमकून बघितलं गेलं, कारण असं बोलायचं नसतं, चौकशी चालू आहे असं बोलायचं असतं. मी डाव्या हाताची बोटं टेबलावर पसरून बघत होते. चांगली लांबसडक बोटं आहेत माझी. बाबांची आखूड, धाकट्या भावाची, फर्गलची, आखूड, आईचीही आखूडच होती. लहानपणी आई माझे हातमोजे विणताना दर वेळी बोटं कमी पडली म्हणून उसवायची, आणि हसून म्हणायची, ही पोरगी पियानो वाजवणार. आमच्या गावात पियानो नव्हता.

मला स्लायगोच्या नन्सकडून आणलं होतं, हे काही कुणी लपवून ठेवलं नव्हतं. अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं आणि मलाही नेहमीच माहीत होतं, आपल्या दाराला कुठला रंग आहे हे जसं माहीत असतं तसं. आई-बाबांना बरीच वर्षं मूल नव्हतं. मला आणलं, आणि मी रांगायची थांबून चालायला लागते न लागते तोच फर्गल झाला. आई म्हणायची, हा हिच्या पायगुणाने झाला. हे ती कौतुकाने म्हणायची, गावात सगळ्यांना सांगायची, आणि मला ते आवडायचंही. फक्त मोठी झाल्यावर कधीतरी रात्री असा विचार यायचा, की ज्याच्या पायगुणाने पाहुणा येतो तो स्वतः कोण असतो? दार उघडणारा? आई प्रेमळ होती, तिने मला कशात कमी केलं नाही. बाबांनीही नाही. असतं काही कमी, तर बरं झालं असतं. बोट ठेवायला जागा तरी मिळाली असती. बोट ठेवायला जागा फक्त एकच होती, आणि ती अक्षरशः बोटाचीच होती.

माणसं कुठून कुठून यायची. रॉसकॉमनहून, कॅव्हनहून, एकदा तर बेलफास्टहून एक मोठी काळी गाडी. अंगणात गाडी वळली की कुत्रा भुंकायचा आणि बाबा वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे. आलेला माणूस स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहायचा, हवापाण्याचं बोलायचा, गुरांचं बोलायचा, आणि चहाचा कप संपल्यावर ते दोन शब्द म्हणायचा. बाबांना पुढे पुढे संधिवातामुळे सुई धरता येईना, आणि तसंही कोवळं रक्त चांगलं असं लोक मानत. मग ते जिन्याकडे तोंड करून हाक मारायचे, "फर्गल!" नेहमी फर्गल. फर्गल नाक पुसत यायचा, सुई चुलीवर धरून लाल केली जायची, फर्गल ओरडायचा, आणि आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं. हे मी पहिल्या एकदोन वेळी जिन्यावर बसून बघितलं. नंतर गाडीचा आवाज आला की मी मागच्या दाराने गोठ्यात जायला लागले. गाईंना माझ्या रक्ताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या पोटाला टेकून उभं राहिलं की त्यांचं रवंथ आपल्याच पोटात चालल्यासारखं वाटतं, आणि तेवढा वेळ डोक्यातलं चक्र थांबतं. गाडी गेली की मी घरात यायची. ओट्यावर जास्तीचा कप विसळून पालथा घातलेला असायचा.

हिवाळ्यात बाबा आमच्या घराण्याच्या गोष्टी सांगायचे. दुसऱ्यांचे बाप अमेरिकेत गेलेल्या काकाविषयी जसं बोलतात तसं ते डियन केख्तविषयी बोलायचे. डियन केख्त देवांचा वैद्य, आणि बाबांच्या हिशेबाने आमचा मूळपुरुष, फार हुशार, फार तापट, "माझ्या आजोबांसारखा." लढाईत राजा नुआडाचा हात तुटला. व्यंग असलेला माणूस गादीवर चालत नाही, म्हणून डियन केख्तने त्याला चांदीचा हात करून बसवला, बोट न् बोट हलणारा. सगळे वाहवा करत होते. पण त्याचा मुलगा मियाख बापाच्या वरताण निघाला. त्याने तो जुना तुटका हात शोधून आणला आणि सांध्याला सांधा, शिरेला शीर लावत मांसाचा हात पुन्हा उगवून दिला. बापाला ते सोसलं नाही. त्याने मुलाला तलवारीने मारलं. मुलाच्या थडग्यावर औषधी वनस्पती उगवल्या, शरीराच्या प्रत्येक शिरेची एकेक. मियाखची बहीण आर्मेड हिने त्या आपल्या झग्यावर गुणांप्रमाणे नीट मांडल्या, तर बापाने येऊन झगाच झटकला आणि सगळं एकात एक मिसळलं. म्हणून आज कुठल्या पाल्याने काय बरं होतं ते कुणाला धड ठाऊक नाही. "फक्त आर्मेडच्या मुठीत एक काडी राहिली," असं बाबा मूठ मिटून सांगायचे, "ती नागिणीची. तीच आपल्या रक्तात आहे." दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ही काडी कधी ऐकली नाही. ती बाबांनीच लावली असणार, किंवा त्यांच्या तापट आजोबांनी. फर्गल स्वतःच्या मुठीकडे बघायचा. मी एकदा विचारलं, "मांसाचा हात उगवल्यावर मग त्या चांदीच्या हाताचं काय झालं?" बाबांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "पडला असेल कुठेतरी," ते म्हणाले, आणि चुलीत पीटचं, जळणाच्या मातीचं, ढेकूळ सरकवलं. आईने विणकामातून मान वर केली आणि घाईघाईने दुसरीच गोष्ट काढली: लू हा सगळ्या देवांत मोठा, आणि तो वाढला कुणाकडे? टाल्टूकडे. पोटचा होता का तो तिच्या? नव्हता. तिच्या नावाने पुढे जत्रा भरल्या, त्याने भरवल्या. हे सगळं आईने कोणासाठी सांगितलं ते मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. माझ्या डोक्यात तो हातच राहिला. राजाच्या कोठीत, फुटक्या भांड्यांशेजारी, चांदीची बोटं वर करून पडलेला. हलतो अजून, पण कुणाला लागत नाही.

चार वाजता मी कचेरीच्या जिन्यात जाऊन फर्गलला फोन लावला. तो शाळेची बस चालवतो, आणि घरची गुरंही त्याच्याकडेच. या वेळेला तो पोरांना सोडून गॅरेजमध्ये असतो.

"काय गं, कुणी पाणी तोडलं का तुझं?" तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. दुकान, म्हातारा, टोपी. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"घे! पन्नाशीला आलीस तेव्हा लागला तुझा नंबर. माझ्या बोटांची चाळण झाली तिकडे. सांगू का, तू लग्नाला उभी राहणार म्हणून कळलं असतं तरी मी एवढा हसलो नसतो."

"फर्गल, मस्करी नको. तू येशील का?"

"आत्ता? अगं, तीन तासांचा रस्ता. आणि रात्री एक गाय वेणार आहे माझी. सोमवारी येतो."

"सोमवारपर्यंत टोकं जुळतील."

"ते काही नसतं गं, जुळली तरी माणूस मरत नाही. डॉक्टरला विचार."

"तो म्हातारा डॉक्टरला विचारून दमलाय."

"मग टोच बोट आणि लाव. कोण बघायला येतंय?" तो म्हणाला. आपण काय बोलून गेलो ते त्यालाही बहुतेक कळलं, कारण तो उगाचच खोकला. "म्हणजे मला तसं म्हणायचं नव्हतं, डिम्पना."

"मला माहीत आहे."

"चिडलीस?"

"नाही रे. गाय बघ तू."

चिडले नव्हतेच. चिडायला काहीतरी नवीन घडावं लागतं. कोण बघायला येतंय, म्हणजे बघितलं तर दिसेल, की हे रक्त त्यांचं नाही. इतकी वर्षं तोही ते धरून होता, दाराच्या रंगासारखंच, आणि आम्ही दोघं त्यावरून कधी भांडलो नाही हेच आमचं प्रेम. मी जिन्यात उभी राहून अंगठ्याने तर्जनीचं टोक दाबत राहिले. दाबलं की पांढरं, सोडलं की लाल. लाल तर सगळ्यांचंच असतं. न जाण्याचा विचार मी केला नाही असं नाही. पत्ता हरवला, कचेरीत अडकले, काहीही सांगता आलं असतं, आणि त्या म्हाताऱ्याजवळ माझा नंबरही नव्हता. पण मागितल्यावर न जाणारी माणसं मॅकालिया नसतात. आणि गेले, थेंब लावला, तर ते खोटं रक्त. म्हणजे गेले नाही तरी मी त्यांची नव्हे, आणि गेले तरी नव्हेच. आणि या सगळ्या माझ्या दळणात एक बाई कुठेतरी हिरव्या दारामागे कण्हत बसली होती, हे मला मधूनच आठवायचं आणि लाज वाटायची. तिला बरं वाटावं असंच मला वाटत होतं, मनापासून. पण त्याहून जास्त मला दुसरंच काही हवं होतं, आणि एका आजारी बाईच्या कमरेवर मी ते शोधायला निघाले होते.

पाच वाजता निघाले. पाऊस थांबला होता पण उजेड अजून भिजलेला. स्मिथफील्डच्या दगडांवरून चालताना नव्या टाचा जास्तच वाजत होत्या, त्यामुळे कुणीतरी दुसरीच बाई ठाम पावलांनी चालली आहे असं वाटत होतं. औषधाच्या दुकानातून मी सुयांचं पाकीट घेतलं. चुलीवर सुई धरायचे दिवस गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, मधुमेह आहे का, मी हो म्हणाले. एकदा खोटं सुरू झालं की ते आपोआप चालतं. वाटेत मी दोनदा थांबले. एकदा एका पबच्या काचेत स्वतःकडे बघायला. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, हा खेळ मी तरुणपणी बसमधल्या अनोळखी बायकांशी खेळायची, ही असेल का, ती असेल का. मग वय वाढलं आणि त्या बायका बसमध्ये दिसेनाशा झाल्या. त्या असतील तर आता सत्तरीच्या पुढे असतील. दुसऱ्यांदा थांबले ते हिरव्या दारासमोर.

मॉसीने दार उघडलं ते मी घंटा वाजवण्याच्या आधीच. तो दारामागेच उभा असणार. आतल्या खोलीत त्याची बायको रीटा खुर्चीवर तिरकी बसली होती, एक कोपर टेबलावर, कमर कशालाही टेकणार नाही अशी. किरकोळ बाई, पांढरे केस कापलेले, डोळे मात्र टकटकीत. अंगात नवऱ्याचा ढगळ शर्ट होता.

"ये," ती म्हणाली. "माफ कर, उठत नाही. तीन आठवडे मी झोपले नाही, आणि मी झोपले नाही म्हणून हाही झोपला नाही, आणि त्याने सगळ्या आर्बर हिलला सांगून ठेवलंय की रीटा मरणार. शेजारीण कालच सूप देऊन गेली, मयताच्या घरी देतात तसलं."

"तिला बोलू नका देऊ," मॉसी मला म्हणाला. "बोलली की दुखतं."

"नाही बोलले की जास्त दुखतं."

तिने शर्टाची कड उचलून दाखवली. मी असं काही जवळून कधी बघितलं नव्हतं. लाल, चिडलेले फोड, एकाला एक लागून, पाठीच्या कण्यापासून निघून कमरेला वळसा घालून पोटाकडे आलेले, आणि दुसऱ्या बाजूनेही तसेच. मधे फिकट कातडीची एक पट्टी उरली होती. तेवढीच जागा त्या घरात शांत होती. मी पाकीट काढलं. सुई काढली. मॉसीने टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि श्वास धरून उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो विश्वास बघून माझा हात टेबलावर खाली आला.

"मला आधी एक सांगायचंय," मी म्हणाले. "मी दत्तक आहे. मॅकालियांनी मला वाढवलं. मॅलकी माझे वडील, ते खोटं नाही. पण रक्त त्यांचं नाही. कुणाचं आहे ते मला माहीत नाही."

मॉसी खुर्चीत बसला. त्याने टोपी शोधली, ती त्याच्या हातात नव्हती, मग नुसतेच हात गुडघ्यांवर ठेवले. "मग त्यांच्या पोटचं कुणी?" त्याने विचारलं. "मुलगा, मुलगी?"

"भाऊ आहे. तो सोमवारी येऊ शकेल."

"सोमवार," तो म्हणाला, आणि त्याने त्या फिकट पट्टीकडे बघितलं. काही वाईट बोलला नाही. त्याने वाईट बोलायला हवं होतं. मला उठून चहाला पाणी ठेवावंसं वाटलं, दुसऱ्याच्या घरात.

"मला एक कळत नाही," रीटा म्हणाली. "हे तू ठरवलंस की तुझ्या बापाने ठरवलं?"

"काय?"

"की तुझं चालत नाही."

"त्यांनी मला कधी बोलावलंच नाही."

"बोलावलं नाही म्हणजे नाही म्हणाला का? जिवंत आहे ना म्हातारा? मग विचार की त्याला. मी इथे आगीत बसलेय आणि ही बया मला आपली जन्मकथा सांगतेय. लाव फोन."

बाबा फोन उचलायला वेळ घेतात. घंटा वाजत असताना मला ते सगळं दिसत होतं: चुलीजवळची खुर्ची, काठी, फोनपर्यंतचा तो पॅसेज, जिथे आईचा कोट अजून खुंटीला आहे. मला वाटलं, न उचलोत. रीटाने हात लांब करून माझ्या फोनचा स्पीकर दाबला.

"कोण गेलं?" बाबांचा आवाज आला. गुरुवारी मी कधी फोन करत नाही.

"कुणी नाही, बाबा. मी एका घरी आलेय. इथे एका बाईंना नागीण झालीय. त्यांनी मागितलंय."

"मग?"

"मग मी काय करू?"

"कोण बाई? आपल्यातली आहे का?"

"नाही. हॅनफिन. केरीचे."

"मग करू काय म्हणून काय विचारतेस? दे की. आज गुरुवार आहे ना? की मीच विसरलो?"

"गुरुवारच आहे. बाबा, माझं रक्त..." पुढचं वाक्य मी आयुष्यभर पाठ केलं होतं, आणि ते आलंच नाही. "तुम्ही नेहमी फर्गललाच हाक मारायचात."

"मग कुणाला मारू? गाडी वळली की तू पसार. गोठ्यात नाहीतर तळ्यावर. तुझी आई म्हणायची, राहू दे, पोरीला किळस येते, तिला जबरदस्ती नको. आम्ही म्हटलं, ठीक. फर्गलला किळस यायची तर त्याला कोण विचारतंय, तो कसाही चालायचा."

मॉसी आणि रीटा दोघंही माझ्याकडे बघत होते. फोनमधून बाबांच्या रेडिओवर हवामानाच्या बातम्या ऐकू येत होत्या. मला गप्प बसता आलं असतं. पण इतकी वर्षं पोटात ठेवलेलं एकदा वर आलं की ते अर्ध्यावर थांबत नाही.

"आणि मागच्या नाताळात?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुमच्या स्वतःच्या पाठीवर आली होती. मी तुमच्यासमोर बसले होते, आठ दिवस. तुम्ही बर्फातून रॉसकॉमनच्या त्या नागीण उतरवणाऱ्या माणसाकडे गेलात. मला एका शब्दाने विचारलं नाहीत. तेव्हा तर मी गोठ्यात नव्हते."

"तुला काय विचारायचं त्यात?" बाबा आता खरोखरच वैतागले होते. "फर्गलला तरी विचारलं का मी? घरातल्याचं घरातल्याला लागू पडत नाही! हे तुला माहीत नाही? अख्खं बालपण काय झोपा काढल्यास? परका लागतो त्याला, परका. म्हणून तर त्या गाढवाच्या दारात जाऊन उभा राहिलो, त्याच्या सुईला गंज होता. तू परकी असतीस तर मी त्या बर्फात कशाला मरायला गेलो असतो?"

"बरोबर आहे," रीटा म्हणाली. "माझ्या आईकडे चामखिळींचा उपाय होता. सगळं गाव यायचं. आम्ही बहिणी चामखिळी घेऊनच लग्नाला उभ्या राहिलो."

"कोण बोलतंय ते?" बाबा म्हणाले.

"आजारी बाई," रीटा म्हणाली.

"मग तिला तशीच बसवून काय ठेवलंयस, पोरी? आटप. माझा चहा निवतोय," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यांच्या त्या वाक्याला एक भोक होतं, मला ते लगेच दिसलं. मी परकी असते तर माझ्या रक्तात गुणच नसता, मग बर्फातून जावंच लागलं असतं की त्यांना. चार ओळींचं गणित आहे, शाळेतलं पोरही सोडवेल. बाबांना ते दिसलं नव्हतं. ते कधी त्या बाजूला जाऊन उभेच राहिले नव्हते. मी एकटीच इतकी वर्षं तिथे उभी होते, गाईच्या पोटाला टेकून, आणि इकडे घरात त्या वेळी आई सांगत होती की पोरीला किळस येते. माझे डोळे भरून आले आणि सुई दिसेना. मॉसी घाबरून रुमाल शोधायला लागला. मी बोट टोचलं. पहिल्यांदा नीट लागलं नाही, दुसऱ्यांदा फार लागलं. थेंब आला, मी तो त्या फिकट पट्टीवर वरून खाली ओढला. रीटाने दात आवळून श्वास आत घेतला.

"गार आहे," ती म्हणाली.

ती बरी होईल की नाही मला माहीत नाही. फर्गल म्हणतो तसं, नागीण आपली आपण येते आणि आपली आपण जाते. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. बाहेर आले तेव्हा दिवे लागत होते आणि बोटातून अजून येत होतं. मी ते चोखत चालले. मला आठवली ती बाबांची पाठ, मागच्या नाताळात आंघोळीनंतर दाराच्या फटीतून दिसलेली. म्हातारी, हाडं वर आलेली, आणि तिच्यावर तो लाल पट्टा. रात्री भिंतीपलीकडून ते कण्हत, आणि मी माझ्या बिछान्यात डोळे उघडे ठेवून वाट बघत असायची, आता हाक मारतील, आता मारतील. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. पुन्हा येईल ती एखाद्या हिवाळ्यात. कुणीही येऊन मागावं, केरीचा, बेलफास्टचा, मी आता बोट पुढे करेन. फक्त त्यांच्या पाठीवर माझं रक्त कधी चालणार नाही.